माणसाची किंमत : अंतूरच्या कड्यापासून जालन्याच्या बेथेलपर्यंत

कन्नड तालुक्यातला अंतूर किल्ला पाहायला येणारे बहुतेक जण दरवाजे, शिलालेख आणि माथ्यावरचे तळे पाहतात, कड्याच्या टोकाशी उभे राहून फोटो काढतात आणि उतरतात. खाली दऱ्या, पलीकडे खानदेशचा सखल मुलूख. पावसाळ्यात तर तिथून पाय निघत नाही. याच अंतूरजवळच्या उंच कड्यांवरून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेकडो भिल्लांना खाली लोटून मारल्याची नोंद आहे.

नोंद इथेच थांबत नाही. दंग्याच्या मुलखात सापडलेल्या भिल्लाला चौकशीशिवाय फटके मारून फासावर चढवत. नाक-कान कापून उन्हात टाकत, तापलेल्या तोफेवर बांधत. माफीचे वचन देऊन बोलावलेल्या टोळ्यांची मुंडकी उडवत. बायकांना धुरात कोंडून मारले, लेकरे दगडांवर आपटली. कोपरगावला तर वाटाघाटीच्या निमित्ताने जमवलेल्या भिल्लांना विहिरींत टाकून संपवले. हा पेशवाईच्या अखेरच्या वर्षांतला कारभार. तो लिहून ठेवला इंग्रज अधिकाऱ्यांनी, आणि आधीच्या राजवटीला काळे फासण्यात त्यांचा फायदा होता हे वाचताना विसरू नये. तरीही इतक्या गावांची नावे घेऊन सांगितलेली हकिकत निव्वळ बनावट म्हणून बाजूला सारता येत नाही.

हे भिल्ल कोण होते? खानदेशातल्या गावोगावचे जागले. गावाची राखण करणारे, चोराचा माग काढणारे, त्याबद्दल धान्याचा वाटा घेणारे. १८०२ ते १८०४ च्या काळात होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला, त्यावर दुष्काळ कोसळला, गावे ओस पडली. राखायला गावच उरले नाही, तेव्हा राखणदार सातमाळ्याच्या आणि सातपुड्याच्या डोंगरात शिरले आणि लूटमार करून जगू लागले. राज्यकर्त्यांच्या हिशेबात त्यांची किंमत शून्यावर आली. जो उपयोगाचा नाही आणि उपद्रवाचा आहे, तो कड्यावरून ढकलायचा.

१८१८ मध्ये इंग्रज आले. पहिली सात वर्षे त्यांचाही भर मुख्यतः बळावरच राहिला. डोंगराच्या वाटा अडवल्या, रसद तोडली, नाईकांना पकडून फासावर दिले. एक टोळी मोडली की दुसरी उठे. अखेर १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने धोरण बदलले. खानदेशासाठी तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या, आणि त्यांतल्या दक्षिणेकडच्या एजन्सीचे ठाणे पडले आपल्या कन्नडला. तिथे ओव्हन्स नावाचा अधिकारी बसला. मागचे गुन्हे माफ, कसायला जमीन, बी-बियाणे आणि बैलांसाठी तगाई, नाईकांना मान. धरणगावला जेम्स आउट्रम या विशीतल्या लेफ्टनंटने भिल्लांचीच पलटण उभी केली. तो त्यांच्या वस्तीत जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या मागावर फिरला. कन्नडहून चाळीसगावला उतरणाऱ्या घाटाला आजही आपण औट्रम घाट म्हणतो, तो याच्याच नावाने.

मुलूख शांत झाला. कालच्या दरोडेखोराच्या अंगावर सरकारी गणवेश चढला. कड्यावरून लोटण्यापेक्षा हे शतपटींनी बरे होते, यात शंका नाही. पण या धोरणाच्या मुळाशी काय होते ते नीट पाहिले पाहिजे. भिल्लाला मारण्याचा खर्च त्याला वसवण्याच्या खर्चापेक्षा जास्त पडतो, हे सरकारला सात वर्षांत कळले होते. वसवलेला भिल्ल नांगर धरतो, शिपाई होतो, त्याने राखलेल्या गावाचा सारा वेळेवर येतो. त्याचा जीव वाचला तो उपयोगी ठरला म्हणून. उद्या उपयोग संपला तर?

या प्रश्नाला वेगळे उत्तर देणारा एक विचार त्याच सुमारास मराठी मुलखात पाय रोवत होता. माणूस कामाचा आहे की नाही, निरोगी आहे की कुष्ठरोगी, गावकुसाच्या आतला की बाहेरचा, हे काहीही न विचारता त्याच्या जिवाला मोल आहे, असे तो विचार सांगत होता. हे मोल राजा देत नाही, जात देत नाही, समाजही देत नाही. म्हणून ते कुणाला काढूनही घेता येत नाही. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात देवाने माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला असे सांगितले आहे, तिथून ही श्रद्धा निघते. भुकेल्याला, उघड्याला, कैद्याला जे केले ते मलाच केले, असे येशूने सांगितल्याने ती पक्की होते.

असा विचार मराठी माणसाला अगदीच अनोळखी होता असे नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणला, गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर एकनाथांनी कडेवर उचलून घेतल्याची कथा लहानपणापासून आपण ऐकली आहे. श्राद्धाचे अन्न त्यांनी महारांना वाढले, तीही ऐकली आहे. पण नाथांची कृती नाथांपाशीच राहिली. पैठणची पंगत बदलली नाही, पाणवठा बदलला नाही. संतांची करुणा हा गावाचा नियम कधीच झाला नाही. ख्रिस्ती मिशनच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, मात्र नियम करण्याचा आग्रह होता, आणि आमच्या मते खरा फरक तिथेच पडला. एका मेजाशी बसायचे, एकाच पेल्याला ओठ लावायचे. जमत नसेल तर सभासद होता येणार नाही.

हा नियम पहिल्यांदा कुठे कसाला लागला ते पाहण्यासारखे आहे. १८३१ च्या अखेरीस अमेरिकन मिशनचे लोक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, येऊन राहिले. शहरात निराधारांसाठी एक आश्रयगृह होते. आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी, म्हातारपणी घराबाहेर काढलेले, असे लोक तिथे पडून असत. मिशनऱ्यांबरोबर बाबाजी नावाचे एक ख्रिस्ती झालेले ब्राह्मण होते. त्यांनी याच माणसांत काम सुरू केले. नगरच्या मंडळीचे पहिले सभासद आले ते या आश्रयगृहातून. बाबाजी १८३३ मध्ये पटकीने गेले. त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षे आली. पण ती वर्षे डोळ्यांसमोर आणावीत. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानावा असे त्यांना लहानपणी शिकवले गेले, त्यांच्याशेजारी ते रोज जाऊन बसत. त्या माणसांना बरे करणे बाबाजींच्या हातात नव्हते, आणि त्यांच्याकडून मिळण्यासारखे तर काहीच नव्हते. राज्याला उपयोग नाही, शेताला नाही, लष्कराला नाही, अशा माणसांपासून एका मंडळीची सुरुवात झाली.

दहा वर्षांनी मुंबईत जे घडले त्याने सगळी महाराष्ट्रभूमी ढवळून निघाली. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने सप्टेंबर १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, तोही मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. मुलाला स्वतःचे बरेवाईट कळण्याचे वय झालेले नाही, असे ठरवून न्यायालयाने श्रीपतला बापाच्या हवाली केले.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. मुलगा घरी आला, पण घराला तो घेता येईना. तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. बाटलेल्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावरून ब्रह्मवृंदात दोन तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. त्यासाठी शिव्याशाप सोसले, बहिष्काराच्या धमक्या सोसल्या. श्रीपतच्या शुद्धीसाठी शास्त्रार्थ झाले, धर्मपीठांपर्यंत गाऱ्हाणी गेली. या सगळ्या कोलाहलात बारा वर्षांचा एक पोरगा मध्ये उभा आहे, आणि त्याची किंमत तो कुणाच्या हातचे जेवला यावर ठरते आहे. बाळशास्त्रींचे मोठेपण असे की धर्माच्या चौकटीतच राहून त्यांनी त्या पोरासाठी दार उघडायला लावले. आणि मिशनऱ्यांबद्दलही सांगायला हवे: मुलाला बापापासून तोडण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला, हा त्या काळच्या लोकांचा सवाल खोटा नव्हता. श्रद्धा कितीही उदात्त असो, आईबापांच्या काळजावरून ती नांगर फिरवू शकत नाही.

श्रीपत परत गेला, नारायण राहिले. १८५४ मध्ये त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. इंग्रजी, मराठी, संस्कृत येणारा हा विद्वान मुंबईत नावारूपाला आला होता आणि आयुष्यभर तिथेच मानाने राहिला असता. १८६० च्या दशकात तो निजामाच्या राज्यात, जालन्याला आला.

जालना तेव्हा आपल्याच औरंगाबाद जिल्ह्यात. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ ला. लष्करी छावणी, कापसाचा आणि धान्याचा व्यापार, ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्या भरभराटीची. पण पाळण्यात कोण झोपत होते? गावाबाहेर महारवाडा आणि त्याच्याही पलीकडे मांगवाडा. मांगाने दोर वळावेत, केरसुण्या बांधाव्यात, सणावाराला वाजवावे, सांगितले तर फाशीचा दोर ओढावा आणि बलुत्याच्या दिवसांत खळ्याच्या कडेला उभे राहून शिळेपाके व मूठभर दाणे घ्यावेत. जमीन नावावर नाही, पाणवठ्यावर पाय ठेवायचा नाही. पाऊस ताणला की सगळ्यांत आधी भूक शिरे ती याच वस्तीत.

मांग समाजाचे हे जिणे काही वर्षे आधीच पुण्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीने जगापुढे मांडले होते. मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मांगाची मुलगी. तिचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’त दोन भागांत छापून आला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनचे पत्र, १८४२ मध्ये नगरला सुरू झालेले. मांग-महारांना तेल आणि शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरत असत, असे तिने लिहिले. डोक्यावर छप्पर नसताना, वाऱ्या-पावसात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल लिहिले. आणि मग थेट देवालाच तिने विचारले की आमचा धर्म कोणता ते तरी सांग. असा सवाल मराठीत याआधी कुणा मुलीने छापील अक्षरात विचारला असेल असे वाटत नाही. तो छापायला जागा मिळाली ती मिशनच्या पत्रात, आणि लिहायला हात मिळाला तो फुल्यांच्या शाळेत. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणजे त्या काळाची वीण लक्षात येते.

नारायण शेषाद्री जालन्याला आले ते या वस्तीसाठी. गावोगाव फिरून ते मांगवाड्यात बसू लागले. त्यांच्या बोलण्याला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त प्रतिसाद दिला तो मांग समाजाने. पण बाप्तिस्मा घेतलेला माणूस संध्याकाळी परत जाणार त्याच गावात, त्याच पाटलाच्या आणि वतनाच्या कचाट्यात. वेठ तीच, विटाळ तोच. देवाने तुला आपल्या प्रतिरूपात घडवले असे सकाळी ऐकायचे आणि दुपारी पाण्यासाठी विहिरीपासून दूर, कुणाची दया येईल याची वाट पाहत बसायचे, हे किती दिवस चालणार? शेषाद्रींनी ओळखले की नुसत्या उपदेशाने हा माणूस उभा राहणार नाही, त्याच्या पायाखाली जमीन हवी.

त्यांनी निजाम सरकारकडे जमीन मागितली. राज्याचे दिवाण होते सालारजंग. त्यांनी जालन्याजवळ मोठी जमीन मिळवून दिली आणि १८७० च्या सुमारास तिथे एक गाव वसले. नाव ठेवले बेथेल. हिब्रू भाषेत देवाचे घर. घरे झाली, शेते झाली, शाळा झाली, प्रार्थनामंदिर झाले. मुसलमान राज्याच्या दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, ब्राह्मण कुळात जन्मलेल्या ख्रिस्ती पाळकाने, मांगांचे गाव वसवले. आपल्या मराठवाड्याच्या इतिहासातली ही केवढी तरी मोठी गोष्ट आहे, आणि शाळेच्या एकाही पुस्तकात आम्हाला ती भेटली नाही.

त्या प्रार्थनामंदिरातला प्रभुभोजनाचा विधी डोळ्यांपुढे आणू या. भाकर मोडली जाते, तुकडे हातोहात फिरतात. मग द्राक्षरसाचा पेला. त्या काळच्या रीतीप्रमाणे पेला एकच. तो एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांकडे जातो. रांगेत मांगाची म्हातारी आहे, महाराचा तरुण आहे आणि नारायण शेषाद्री आहेत. ज्या श्रीपतला परक्या घरचे चार घास खाल्ले म्हणून प्रायश्चित्त घ्यावे लागले, त्याचाच हा सख्खा भाऊ. शेषाद्रींनी समतेवर व्याख्याने दिली असतील, नसतील. त्या पेल्याने जे सांगितले ते कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठे होते. जात तोंडाने नाकारणे सोपे असते. ती ओठांनी नाकारणे फार कठीण.

१८७३ च्या ऑक्टोबरात हेच शेषाद्री न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेत डोक्यावर पागोटे घालून बोलायला उभे राहिले. थोडेच दिवस आधी, २४ सप्टेंबर १८७३ ला, पुण्यात जोतीरावांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली होती. एकमेकांपासून हजारो कोस दूर असलेल्या या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण बोलणे गावकुसाबाहेरच्या एकाच माणसाबद्दल चालले होते.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, नगरची मिस फरारबाईंची मुलींची शाळा पाहून त्यांना स्वतःची शाळा काढावीशी वाटली. धर्म मात्र त्यांनी आपला आपण मांडला. सर्वांचा निर्मीक एक, म्हणून सर्व माणसे हक्काने सारखी, हे सूत्र त्यांनी ख्रिस्ती विचाराला जवळचे असूनही कुठल्या चर्चच्या ताब्यात दिले नाही. १८६३ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, कोणी काही विचारणार नाही. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी दत्तक घेतले, तोच यशवंत. ज्या बाळाला जगात कुणीही नको म्हणत होते, त्याला या दांपत्याने आपले नाव दिले. त्याआधी १८५५ मध्ये मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या बालहत्याबंदीचा इतिहास लिहून काठेवाडात जन्मतःच मारल्या जाणाऱ्या मुलींचा हिशेब मांडला होता. मिशनरी आणि सत्यशोधक यांचे मार्ग वेगळे होते, पण न बोलता येणाऱ्या जिवाच्या बाजूने दोघेही उभे राहिले.

औरंगाबाद शहरातही याच दशकांत चर्च मिशनरी सोसायटीचे रतनजी नवरोजी काम करत होते. ते मूळचे पारशी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच कॅथलिक फादर आपल्या जिल्ह्यात आले. घोगरगावचे फादर गुरियन जाकिए हे त्यांतले ठळक नाव. ब्राह्मण, पारशी, फ्रेंच: जन्माने इतके वेगळे असलेले हे लोक मराठवाड्याच्या वाडी-वस्तीत येऊन बसले, ते गावकुसाबाहेरच्या माणसांसाठीच.

मग आले दुष्काळ. १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसे छपन्याचा दुष्काळ म्हणत. दुष्काळात माणसाची किंमत सर्वांत स्वच्छ दिसते, कारण तेव्हा ती धान्यात मोजली जाते. पोटच्या पोरी शेर-दोन शेर दाण्यांना विकल्या जात होत्या आणि त्या विकत घेणारे दलाल मदतछावण्यांभोवती घिरट्या घालत होते. पंडिता रमाबाईंना हे कुणी सांगायला नको होते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण भुकेने गेले होते. पाने खाऊन, अनवाणी, भावाबरोबर त्या हजारो मैल चालल्या होत्या. १८९७ मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

केडगावला कोणाला जागा होती ते पाहावे. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन, आंधळ्यांसाठी बार्तीमय सदन. तिथे रमाबाईंची मुलगी मनोरमा स्पर्शलिपी शिकवत असे. ज्या आंधळ्या मुलीला कोणी भीक मागायलाच बसवले असते, ती बोटांनी वाचू लागली. पायांनी अधू बायका विणकाम करत, धडधाकट मुली छापखान्यात खिळे जुळवत. रमाबाईंनी स्वतः मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबल साध्या मराठीत आणले आणि ते बायकांनीच छापले.

याच रमाबाईंवर ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली होती. त्यांच्या पुण्यातल्या शारदासदनात मुलींना बाटवले जाते हा १८९३ मधला आरोप गाजला. त्यात पक्षपात होता, पण त्यामागचा एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारायलाच हवा. उपाशी पोराला अन्नाबरोबर धर्म दिला, तर त्या पोराने तो निवडला असे म्हणता येईल का? आमचे मत असे की पूर्णपणे नाही. माणसाच्या जिवाला मोल आहे असे म्हणणाऱ्याने त्याच्या निवडीलाही तेवढेच मोल दिले पाहिजे. गंमत अशी की हे रमाबाईंइतके कुणालाच ठाऊक नव्हते. इंग्लंडमध्ये ज्या भगिनींनी त्यांना धर्म शिकवला, त्यांच्याशी त्या वर्षानुवर्षे पत्रांतून भांडल्या, आपली सदसद्विवेकबुद्धी मी कोणत्याही चर्चला विकणार नाही या एका मुद्द्यावर. स्वतःसाठी त्यांनी जे स्वातंत्र्य मागितले, ते केडगावच्या प्रत्येक मुलीला तेवढेच मिळाले का, याचे उत्तर इतिहासकारांनी शोधायला हवे.

मंडळीतही सगळे आलबेल नव्हते. पेला एक झाला, पण सोयरीक एक झाली नाही. बाप्तिस्म्याच्या दोन-तीन पिढ्यांनंतरही मुलगी देताना घराणे पूर्वी महाराचे की मांगाचे हे विचारले जाई. गावाने या लोकांना ख्रिस्ती म्हटले तरी पाणवठ्यावर जुनेच नाव घेतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतीय ख्रिस्ती समाजावर याच मुद्द्यावरून कठोर टीका केली. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचे ऋण त्यांनी मान्य केले. पण धर्मांतर करून आलेल्या अस्पृश्यावरच्या सामाजिक अन्यायाविरुद्ध चर्च लढले नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. ही टीका ख्रिस्ती मंडळींनी अंगाला लावून घ्यावी अशीच आहे, कारण ती त्यांच्याच श्रद्धेच्या कसोटीवर त्यांना तपासते. बाबासाहेबांनी पुढे औरंगाबादला १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभे केले आणि १९५६ मध्ये बुद्धाचा मार्ग धरला. मराठवाड्याच्या दलितांतल्या फार मोठ्या समाजाने माणूसपणाची वाट त्यांच्यामागे जाऊन शोधली.

राज्यघटनेने प्रत्येकाच्या जीविताला संरक्षण दिले, अस्पृश्यता रद्द केली. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये त्यांत शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला मांग किंवा महार त्या यादीबाहेरच राहिला. २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी आयोग नेमला. ज्यांनी बेथेलला पहिल्यांदा स्वतःचे शेत नांगरले, त्यांच्या पणतवंडांना जातीचा दाखला काढताना कार्यालयात आजही धर्म विचारला जातो.

कन्नड, वैजापूर, गंगापूर, जालना या भागात ख्रिस्ती घराणी आहेत, भिल्लांच्या वस्त्या आहेत, मातंग आणि बौद्ध समाज आहे. या लोकांच्या पूर्वजांचा इतिहास इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आणि मिशनच्या परदेशी गेलेल्या अहवालांत पडून आहे. मराठीत तो फारच थोडा आला. जुन्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या वाळवी लागण्याआधी उतरून घ्या. दफनभूमीतल्या दगडांवरची नावे वाचा, फोटो काढून ठेवा. घरात कुणी नव्वदीची आजी असेल, तर पणजोबा पहिल्यांदा मंडळीत कसे गेले, गावाने काय केले, पाणी कुठून आणत, हे तिला विचारा आणि तिच्या शब्दांत लिहून ठेवा. हे काम विद्यापीठाची वाट पाहत थांबवू नका. ते घरातूनच सुरू होईल, आणि ते याच वर्षी करायला हवे.